बायको मास्टर्सला, नवरा चाकणला: कॅनडाच्या एका स्पाउस वर्क परमिटचं पूर्ण प्रकरण

हे प्रकरण खरं आहे, दोघांची परवानगी घेऊन लिहितेय, नावं आणि ओळख पटेल अशा काही गोष्टी बदलल्यात. मी लायसन्सवाली कन्सल्टंट नाही, कुणाकडून पैसे घेत नाही, बरीच वर्षं कॅनडात राहते आणि ओळखीतल्या लोकांचे कागद बघून देते एवढंच. सविस्तर लिहायचं कारण असं की "स्टुडंटच्या नवऱ्याला किंवा बायकोला वर्क परमिट मिळतं का हो" हा प्रश्न मला अजूनही २०२२ सालच्या उत्तराच्या अपेक्षेनं विचारला जातो, आणि मधल्या काळात नियम एकदा नाही दोनदा बदललाय.

पार्श्वभूमी

मृणाल इलेक्ट्रॉनिक्सची बीई, हिंजवडीत चार वर्षं नोकरी. सागर डिप्लोमा मेकॅनिकल, चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला. दोघंही सांगली जिल्ह्यातले, घरची ऊसशेती. लग्न ठरलं तेव्हाच दोघांचं बोलणं झालेलं की मृणाल कॅनडाला शिकायला जाणार आणि सागर सोबत येऊन काम करणार, कारण एका पगारावर आणि एका कर्जावर दोघांचं भागणार नव्हतं हे त्यांना पहिल्यापासून माहिती होतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मृणालला ऑन्टारिओतल्या एका कॉलेजचं एक वर्षाच्या पोस्ट ग्रॅज्युएट सर्टिफिकेटचं ऑफर लेटर आलं, सप्टेंबर २०२४ इनटेकचं. पुण्यातल्या एजंटनं सांगितलं की स्पाउसचं परमिट त्याच फाइलबरोबर जातं, काळजी करू नका. त्या दिवशी हे सांगणं चूक नव्हतं. तेव्हा नियम ढोबळमानानं असाच होता की विद्यार्थी पात्र संस्थेत फुलटाइम शिकत असेल तर जोडीदाराला ओपन वर्क परमिट मागता यायचं, ओपन म्हणजे कुठल्याही एका मालकाशी न बांधलेलं. कॉलेजचा डिप्लोमा आहे की विद्यापीठाची पदवी याचा त्यात एवढा फरक पडत नव्हता.

मग २२ जानेवारी २०२४ ला तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री मार्क मिलर यांनी स्टडी परमिटच्या संख्येवर कॅप म्हणजे मर्यादा जाहीर केली आणि त्याच घोषणेत सांगितलं की जोडीदाराचं ओपन वर्क परमिट यापुढे मास्टर्स, डॉक्टरेट आणि मेडिसिन, लॉ असल्या प्रोफेशनल कोर्सपुरतंच राहणार. १९ मार्च २०२४ पासून ते लागू झालं. मृणालचं कॉलेज सर्टिफिकेट त्या यादीत कुठंच बसत नव्हतं.

नेमकी अडचण काय होती

इथं एक गोष्ट आधी स्पष्ट करते, कारण निम्मा गोंधळ तिथंच होतो. या परमिटची पात्रता सागरच्या शिक्षणावर, अनुभवावर, इंग्रजीवर ठरतच नाही. ती ठरते मृणाल काय शिकते, कुठं शिकते आणि तो कोर्स किती महिन्यांचा आहे यावर. म्हणजे कोर्स निवडताना आपण नकळत जोडीदाराच्या पोटापाण्याचाही निर्णय घेत असतो, आणि बहुतेक घरांत कोर्स निवडला जातो फी, शहर आणि रँकिंग बघून, जोडीदाराचा विषय येतो फी भरल्यावर.

यांचंही तेच झालेलं. कॉलेजला डिपॉझिट भरलेलं, साखरपुडा झालेला, लग्न मे महिन्यात, आणि नियम मार्चमध्ये बदलणार.

पहिला निर्णय: घाईघाईत लग्न उरकायचं का

फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्ही घरांत एकच चर्चा होती. मृणालच्या मामांचं म्हणणं की देवळात लग्न लावा, लगेच नोंदणी करा आणि १९ मार्चच्या आत सागरची फाइल टाका, मग मे महिन्यात काय वाजतगाजत करायचं ते करा. त्या काळात असं करणारी जोडपी मी स्वतः बघितलीत.

मी नको म्हटलं, दोन कारणांनी. एक तर मृणालची स्वतःचीच फाइल टाकता येत नव्हती, कारण २२ जानेवारीपासून कॉलेजच्या विद्यार्थ्यांना प्रांताचं अटेस्टेशन लेटर, म्हणजे प्रांताच्या कोट्यात जागा आहे असं पत्र, लागायला लागलं आणि प्रांतांना ती व्यवस्था उभी करायला ३१ मार्चपर्यंत मुदत दिलेली होती. मूळ विद्यार्थ्याचीच फाइल जात नसेल तर नवऱ्याची कशाच्या जोरावर टाकणार. दुसरं, नियम बंद व्हायच्या दोन आठवडे आधी झालेलं लग्न ऑफिसरच्या डोळ्यांत खुपतं आणि त्या संशयाचा डाग पुढच्या प्रत्येक फाइलवर राहतो. सागरच्या वडिलांना, आप्पांना, हे लगेच पटलं. ते म्हणाले, "लग्न काय कागदासाठी करायचं हाय व्हय? मे म्हंजी मे."

कॉलेजचं डिपॉझिट काही कापून परत मिळालं, बरेच महिने मागे लागल्यावर.

पर्याय काय काय बघितले

लग्न ठरल्याप्रमाणे मे २०२४ मध्ये झालं, पुढच्या महिन्यात नोंदणी झाली, आणि मग दोघांनी शांतपणे सगळे पर्याय मांडले. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो कारण पहिल्यांदाच त्यांनी कोर्सच्या आधी जोडीदाराचा रकाना भरायला घेतला.

ब्रिटन लगेच बाद झालं, तिथं जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या शिकवलेल्या मास्टर्सला डिपेंडंट नेताच येत नाही, पीएचडी किंवा रिसर्चवाला कोर्स लागतो. अमेरिकेत एफ-टू व्हिसावर जोडीदाराला राहता येतं, काम करता येत नाही. ऑस्ट्रेलिया चांगला पर्याय होता, तिथं मास्टर्स सुरू झालं की जोडीदाराला तासांची मर्यादा राहत नाही, पण १ जुलै २०२४ पासून स्टुडंट व्हिसाची फीच ७१० वरून १,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली, आणि मृणालच्या विषयाचे तिला हवे तसे कोर्स तिथं महाग पडत होते. जर्मनीचा विचार आठवडाभर चालला, तिथं जोडीदाराला काम करता येतं पण सागरला आधी जर्मन शिकावं लागलं असतं आणि शॉपफ्लोअरवर इंग्रजीवर निभावेल याची खात्री नव्हती.

म्हणून परत कॅनडा, पण आता मास्टर्स. मृणालनं जानेवारी २०२५ इनटेकसाठी अर्ज केले आणि सप्टेंबरपर्यंत तिच्या हातात दोन ऑफर होत्या. एक ऑन्टारिओतलं एमइंज म्हणजे मास्टर ऑफ इंजिनीअरिंग, कोर्सवर्कवालं, १२ महिन्यांचं. दुसरं मॅनिटोबात विनिपेगला एमएस्सी, थिसिसवालं, दोन वर्षांचं. दुसऱ्यासाठी तिनं दोन महिने प्रोफेसर लोकांना ईमेल करून करून एकाचा होकार मिळवलेला, थोडं स्टायपेंडही होतं.

दुसरा निर्णय: १२ महिने की २४ महिने

या प्रकरणाचा कणा हाच आहे, म्हणून इथं जरा थांबते.

कागदावर १२ महिन्यांचं एमइंज जास्त आकर्षक होतं. १५ फेब्रुवारी २०२४ पासून मास्टर्स दोन वर्षांपेक्षा कमी असलं तरी, आठ महिन्यांचं किंवा जास्त असेल आणि बाकी अटी बसत असतील, तर शिक्षणानंतरचं वर्क परमिट, ज्याला सगळे पीजीडब्ल्यूपी म्हणतात, ते तीन वर्षांचं मिळतं. म्हणजे एका वर्षाची फी भरा, एका वर्षाचा राहायचा खर्च करा आणि तीन वर्षांचं परमिट घ्या. दोन वर्षांच्या कोर्सलाही तेवढंच परमिट. शिवाय टोरंटोच्या जवळ, ओळखीची माणसं, मराठी मंडळ, सगळं. एजंटनंही तेच लावून धरलं.

पण १८ सप्टेंबर २०२४ ला सरकारनं आणखी एक घोषणा केली, की मास्टर्सच्या विद्यार्थ्यांच्या जोडीदारांनाही परमिट तेव्हाच मिळेल जेव्हा कोर्स किमान १६ महिन्यांचा असेल. तारीख दिली नव्हती. एजंट म्हणाला नियम अजून आलेला नाही ना, मग पटकन फाइल टाकू. कायद्यानं बोलायचं तर त्याचं चूक नव्हतं, घोषणा आणि अंमलबजावणी या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि मधल्या काळात आलेली फाइल जुन्या नियमानं बघितली जाते. प्रश्न असा होता की ती फाइल काही कारणानं नाकारली गेली तर दुसऱ्यांदा टाकताना कुठला नियम लागणार. उत्तर सरळ आहे, त्या दिवशी जो असेल तो. म्हणजे १२ महिन्यांच्या कोर्सवर सागरला एकच संधी होती आणि ती हुकली की दार बंद. २४ महिन्यांच्या कोर्सवर सागर नियम येण्याआधी आणि आल्यानंतर, दोन्हीकडे पात्र राहत होता.

एमइंजच्या बाजूनंही एक खरा मुद्दा होता आणि तो मृणालनंच काढला. समजा सागर वर्षभर चाकणलाच राहिला, ती शिकून पीजीडब्ल्यूपीवर चांगल्या नोकरीला लागली, तर कामगाराचा जोडीदार म्हणून त्याला परमिट मागता येईल की. बरोबर आहे, तो वेगळा मार्ग आहे. पण तो तिला योग्य दर्जाची नोकरी लागण्यावर अवलंबून आहे आणि ती कधी लागेल हे कुणी सांगू शकत नाही. सागर म्हणाला, "वहिनी, एक वर्ष लांब राहायला मी तयार आहे, पण ते एकाचं दीड आणि दीडाचं दोन होणार नाही कशावरून?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी दोघांनी वहीत दोन्ही बाजूंचा हिशोब मांडला. दोन वर्षांच्या फीमधून स्टायपेंड वजा, सागरची विनिपेगमधली वर्षभराची कमाई गृहीत धरून ती वजा, विनिपेगचं घरभाडं टोरंटोच्या मानानं कमी. तरीही एमएस्सी थोडं महागच पडत होतं. त्यांनी तो जास्तीचा पैसा एकत्र राहण्यासाठी मोजायचं ठरवलं आणि विनिपेग घेतलं.

माझं स्पष्ट मत आहे की तो निर्णय बरोबर होता, आणि निकाल काहीही लागला असता तरी मी हेच म्हटलं असतं, कारण एकाच फाइलवर सगळं लावण्यापेक्षा दुसरी फाइल टाकता येईल अशी जागा ठेवणं शहाणपणाचं.

तिसरा निर्णय: दोघांची फाइल एकत्र की आधी तिची

दोन्ही चालतं. एकत्र टाकली तर वेळ वाचतो, पण अख्खं कुटुंबच निघालंय, मग परत कशाला येतील, असा विचार ऑफिसरच्या डोक्यात येऊन मूळ स्टडी परमिटलाच धोका होतो अशी बऱ्याच लोकांना भीती असते. यांनी आधी तिची टाकली, ऑक्टोबर २०२४ मध्ये. मास्टर्सला तेव्हा प्रांताचं अटेस्टेशन लेटर लागत नव्हतं, आणि एसडीएस म्हणजे जलद प्रक्रियेची सोयही तोवर चालू होती, ती ८ नोव्हेंबरला बंद झाली. २०,६३५ डॉलरचं जीआयसी (राहायच्या खर्चासाठी कॅनडाच्या बँकेत आधीच ठेवायची ठेव), आयईएलटीएस, पहिल्या वर्षाची फी, सगळं बसत होतं. नोव्हेंबरच्या शेवटी परमिट मंजूर, डिसेंबरच्या शेवटी ती विनिपेगला, उणे पंचवीसमध्ये दोन बॅगा घेऊन.

सागरची फाइल डिसेंबरच्या मध्यावर गेली. परमिटचे १५५ आणि ओपनचे १०० मिळून २५५ डॉलर, वर बायोमेट्रिक्सचे ८५. मेडिकल आधीच करून घेतलं. कागदपत्रं मात्र एजंटच्या ऑफिसनं भरली, विवाह नोंदणीचा दाखला, लग्नाचे आठ-दहा फोटो, बँक स्टेटमेंट, मृणालचं परमिट आणि ऑफर लेटर. बस. स्पष्टीकरणाचं पत्र होतं पण ते नमुन्यातलं, नाव बदललं तर कुणालाही लागू पडेल असं.

नकार

फेब्रुवारी २०२५ मध्ये नकार आला. पत्रात नेहमीची वाक्यं, की मुक्काम संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडाल याची खात्री पटत नाही, कौटुंबिक संबंध बघता वगैरे.

दरम्यान २१ जानेवारी २०२५ ला १६ महिन्यांचा नियम लागू झालेला होता. सागरच्या घरी सगळ्यांना वाटलं त्या नियमामुळंच नकार आला. तसं अजिबात नव्हतं. त्याची फाइल आधीची होती, आणि कोर्स २४ महिन्यांचा असल्यानं तो नव्या नियमातही बसत होता. पात्र असणं आणि मंजूर होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे त्या आठवड्यात मला किमान पाच जणांना फोनवर समजवावं लागलं.

चौथा निर्णय: लगेच परत टाकायची का

समोर चार रस्ते होते. वेबफॉर्मवरून फेरविचाराची विनंती, फेडरल कोर्टात जाणं ज्याला कॅनडाबाहेरच्या निर्णयासाठी ६० दिवसांची मुदत असते, नवीन फाइल, किंवा सागरनं व्हिजिटर व्हिसा मागून आधी येऊन घेणं.

एजंट म्हणाला तीच फाइल परत टाकू, ऑफिसर बदलला की होतं. घरच्यांचाही जोर त्यावरच, कारण मृणाल तिथं एकटी. मी अडून बसले की ऑफिसरनं आत काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय एक कागद पाठवायचा नाही. मृणाल कॅनडात असल्यामुळं तिला माहिती अधिकारासारखा अर्ज करता येत होता, सागरची लेखी संमती जोडून, फी पाच डॉलर. त्यातून फाइलवरच्या अंतर्गत नोंदी मिळतात, लोक त्याला जीसीएमएस नोट्स म्हणतात. त्या एप्रिलमध्ये आल्या. नोंदींचा सारांश असा: लग्न अलीकडचं, एकत्र राहिल्याचा पुरावा जवळपास नाही. खात्यात अकरा लाखांची एकरकमी जमा, तिचा स्रोत कळत नाही. अर्जदाराच्या सध्याच्या नोकरीबद्दल फारसं काही नाही. कोर्सच्या पात्रतेबद्दल एकही आक्षेप नव्हता.

ते अकरा लाख आप्पांचे. उसाचं बिल आणि मोडलेली एफडी. शेतीचं उत्पन्न करमुक्त, आप्पांनी कधी रिटर्न भरलं नाही, पैसा जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या खात्यातून मुलाच्या खात्यात आला. आपल्याकडे यात कुणाला काही वावगं दिसत नाही. विनिपेगला किंवा ओटावाला बसलेल्या माणसाला मात्र तो आभाळातून पडलेला पैसा दिसतो, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण आपण त्याला काहीच सांगितलेलं नसतं.

व्हिजिटर व्हिसाचा रस्ता आम्ही सोडला. ताज्या नकारावर दुसरा नकार चढला असता. एजंटच्या ऑफिसातल्या एकानं अजून एक सुचवलं, की नवीन फॉर्ममध्ये आधीच्या नकाराचा उल्लेख टाळा आणि थोडे व्हॉट्सॲप चॅट "तयार" करून घ्या. त्या दिवशी सागरनं त्या ऑफिसशी संबंध तोडला. फॉर्ममध्ये सरळ विचारलेलं असतं की याआधी कधी नकार मिळालाय का, तिथं खोटं लिहिलं किंवा खोटा पुरावा दिला तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होतं, आणि ते बंद होतं अर्जदाराला, एजंटला नाही.

दुसरी फाइल कशी बांधली

यावेळी सगळं दोघांनी स्वतः केलं, मी फक्त वाचून शंका काढत होते.

सगळ्यात आधी कोर्स. विद्यापीठाच्या रजिस्ट्रारकडून पत्र घेतलं ज्यात पदवीचं नाव, फुलटाइम, सुरुवातीचा महिना, अपेक्षित शेवटचा महिना आणि एकूण २४ महिने हे शब्दांत लिहिलेलं. ऑफर लेटरमध्ये कालावधी होता पण आकडा कोपऱ्यात, आणि नव्या नियमात सगळं त्या आकड्यावर असताना ऑफिसरला शोधायला लावू नये. सोबत पहिल्या टर्मचे मार्क आणि फीची पावती, म्हणजे ती खरोखर शिकतेय हे दिसलं.

मग संसार. लग्नानंतर दोघं मोशीला भाड्यानं राहत होते, तो रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्स करार दोघांच्या नावाचा होता आणि पहिल्या फाइलमध्ये कुणी जोडलाच नव्हता! सागरच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बायकोचं नाव, पीएफला नॉमिनी म्हणून तिचं नाव, जॉइंट खातं, तो तिला दर महिन्याला पाठवत असलेले पैसे. लग्नाच्या फोटोंपेक्षा हे कागद मला जास्त बोलके वाटतात. चॅटचे ढीग जोडले नाहीत, महिन्यातून एखादं पान, तारखेसकट. एक बारीक भानगड नावाची होती, मृणालचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि आधार सासरच्या नावाचं झालेलं, त्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र लावलं.

पैशासाठी आप्पा स्वतः कारखान्यावर जाऊन तीन हंगामांची ऊस बिलं घेऊन आले. सातबारा, एफडी मोडल्याची पावती, जिल्हा बँकेचं पासबुक, सीएचा दाखला, आणि आप्पांचं प्रतिज्ञापत्र की हा पैसा मुलाला दिलाय, परत घ्यायचा नाही. मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर. आणि वर एक तक्ता, कुठल्या तारखेला किती पैसे कुठून आले आणि त्याचा पुरावा कुठल्या पानावर.

स्पष्टीकरणाचं पत्र दोन पानी, सागरनं स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं. पहिल्या परिच्छेदातच आधीच्या नकाराची तारीख आणि त्यातले आक्षेप, मग एकेकाचं उत्तर. मालकाचं पत्रही लावलं की पद काय, पगार काय, परत आल्यावर विचार करू.

यात पासपोर्टची गोष्ट राहिलीच. सागरचा पासपोर्ट मार्च २०२६ ला संपत होता. वर्क परमिट पासपोर्टच्या तारखेपुढं देत नाहीत, म्हणजे पहिली फाइल मंजूर झाली असती तरी त्याला जेमतेम वर्षभराचं परमिट मिळालं असतं आणि बाकीच्यासाठी परत फी, परत फॉर्म. पहिल्या वेळी हे कुणाच्या लक्षात आलं नाही. नोट्सची वाट बघायच्या काळात त्यानं पासपोर्ट नवा करून घेतला. बायोमेट्रिक्स दहा वर्षं चालतात म्हणून ते परत द्यावे लागले नाहीत, मेडिकलही अजून वर्षाच्या आतलं होतं. एप्रिलच्या शेवटी फाइल गेली.

निकाल

जुलै २०२५ मध्ये मंजुरी, ऑगस्टमध्ये सागर निघाला. परमिटचा कागद खरा हातात पडतो तो विमानतळावर. मृणालनं त्याला फोनवर बजावून ठेवलेलं, "अरे, काउंटरवरून हलू नकोस, आधी तारीख वाच, नावाचं स्पेलिंग बघ आणि खाली रिमार्क्समध्ये काय लिहिलंय ते बघ." परमिट तिच्या स्टडी परमिटच्या तारखेपर्यंत, मार्च २०२७, आलेलं होतं, बरोबर होतं. मेडिकल आधी केलेलं असल्यानं हॉस्पिटल, डेकेअर असल्या ठिकाणी काम न करण्याची अटही नव्हती.

पहिले दोन महिने त्यानं गोदामात रात्रपाळी केली. मग एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्टरची नोकरी लागली, आणि इथं परत एक निर्णय आला जो लोक चुकवतात. कॅनडाच्या व्यवसाय वर्गवारीत मशीनिंग आणि टूलिंगचा इन्स्पेक्टर हा कुशल कामगार, टीअर २ मध्ये येतो, कोड ७२१००. टीअर म्हणजे कामाची पातळी, आकडा जितका लहान तितकी वरची. तेच साधं असेंब्लीचं इन्स्पेक्शन असेल तर ते टीअर ४ ला जातं. पगार दोन्हीकडे साधारण सारखा असू शकतो. पण पीआर म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठीच्या कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लास या मार्गात टीअर ० ते ३ चाच एक वर्षाचा अनुभव धरतात. आणि मृणालनं शिकताना केलेलं काम त्यात धरतच नाहीत. म्हणजे तिची डिग्री होईपर्यंत त्या घरात पीआरला मोजला जाणारा अनुभव फक्त सागरचा जमा होतोय. त्यानं दुसरीकडं तासाला दीड डॉलर जास्त मिळत असताना हीच नोकरी धरून ठेवली आणि ऑफर लेटरमध्ये कामाचं वर्णन नीट लिहून मागितलं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पहिली फाइल. करार, पीएफ, मेडिक्लेम, ऊस बिलं, हे सगळं डिसेंबर २०२४ मध्येही घरातच होतं. ते जोडलं असतं तर कदाचित पाच-सहा महिने वाचले असते. पात्रता पक्की आहे म्हणून पुराव्याकडे दुर्लक्ष झालं, आणि हे मी इतर जोडप्यांतही सारखं बघते.

फाइल एकत्र टाकायला हवी होती का, यावर माझं आणि मृणालचं अजून एकमत नाही. तिचं म्हणणं एकत्र टाकली असती तर एकाच ऑफिसरनं दोघांचं पूर्ण चित्र बघितलं असतं. मला वाटतं तिचं परमिट आधी सुरक्षित केलं हे बरं झालं, नाहीतर आप्पांच्या अकरा लाखांपायी तिचाही जानेवारी हुकला असता.

एजंट बदलायला उशीर झाला. फी घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तर तिथल्या कन्सल्टंट लोकांच्या नियामक संस्थेचं (तिला कॉलेज म्हणतात) लायसन्स किंवा वकिली लागते, आणि ते नाव ऑनलाइन रजिस्टरमध्ये दोन मिनिटांत तपासता येतं. त्यांनी ते तपासलं नकार आल्यानंतर, नाव नव्हतं.

आणि १२ महिन्यांचं एमइंज घेतलं असतं तर? फेब्रुवारीतल्या नकारानंतर विद्यार्थ्याचा जोडीदार म्हणून सागरला परत अर्जच करता आला नसता. मृणालचं शिक्षण डिसेंबर २०२५ ला संपलं असतं, मग पीजीडब्ल्यूपी, मग नोकरीचा शोध, आणि मग कुठं सागरचा नंबर.

आता पुढं

मृणालची डिग्री डिसेंबर २०२६ ला होईल. तिचं स्टडी परमिट आणि सागरचं वर्क परमिट दोन्ही मार्च २०२७ ला संपतात. त्यापुढं सागर विद्यार्थ्याचा नाही तर कामगाराचा जोडीदार होतो आणि तिथं नियम निराळे आहेत, जानेवारी २०२५ पासून तिची नोकरी टीअर ० किंवा १ ची किंवा २-३ मधल्या ठरावीक यादीतली हवी, आणि सागर अर्ज करेल तेव्हा तिच्या परमिटचे किमान १६ महिने शिल्लक हवेत. १६ महिन्यांची अडचण नाही, तीन वर्षांचं पीजीडब्ल्यूपी आहे. नोकरी मात्र डिसेंबर ते मार्चच्या मध्ये लागायला हवी, नाहीतर सागरला काही काळ काम थांबवून व्हिजिटर म्हणून राहावं लागेल. म्हणून तिनं थिसिसच्या विषयातल्या कंपन्यांशी आत्तापासूनच बोलायला सुरुवात केलीय.

पीजीडब्ल्यूपीसाठी नोव्हेंबर २०२४ पासून भाषेची अटही आहे, पदवीवाल्यांना सीएलबी ७, म्हणजे कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची सातवी पातळी. ॲडमिशनला दिलेली ॲकॅडमिक आयईएलटीएस तिथं चालत नाही, जनरल आयईएलटीएस, सेलपिप किंवा पीटीई कोअर लागते. मृणालनं सेलपिप उन्हाळ्यात द्यायचं ठरवलंय, आणि सागर तिच्याबरोबरच बसणार आहे, कारण मशीन शॉपचं वर्ष भरलं की पीआरच्या प्रोफाइलला त्याचाही स्कोअर लागणारच आहे.